चरखा आरशात उलटतो, चक्र उलटत नाही: झेंड्यावरून समजून घ्या ‘मिरर’ आणि ‘रेडियल’ डिझाइन

९ सप्टेंबर जवळ आला की नंदुरबारमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिवादनाची पोस्टर फिरू लागतात. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात याच दिवशी नंदुरबार शहरात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हुतात्मा झाला. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनीही प्राण गमावले. तेव्हा नंदुरबार हा पश्चिम खानदेशाचा भाग होता. स्वतंत्र नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

पोस्टर तयार करणाऱ्यासमोर एक साधा प्रश्न असतो. या मुलाच्या हातात कोणता झेंडा दाखवायचा?

इंटरनेटवरून आजचा तिरंगा घेऊन लावणं सोपं आहे. पण १९४२ मध्ये अशोकचक्र असलेला झेंडा नव्हता. चळवळीत फडकत होता तो काँग्रेसने १९३१ साली स्वीकारलेला तिरंगा. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्या पट्ट्यावर चरखा. चक्र आलं ते २२ जुलै १९४७ रोजी, संविधान सभेने राष्ट्रध्वजाचा ठराव मंजूर केला तेव्हा.

चरखा जाऊन चक्र येण्यामागे अशोकाचा वारसा होता, हे बहुतेकांना माहीत असतं. पण आणखी एक कारण होतं आणि ते चक्क डिझाइनचं होतं. आज मोबाइलवर किंवा संगणकावर ‘मिरर’ आणि ‘रेडियल’ डिझाइन करताना जो प्रश्न येतो, तोच प्रश्न तेव्हा संविधान सभेसमोर मांडला गेला होता.

चरख्याची अडचण काय होती?

ठराव मांडताना पंडित नेहरूंनी ही अडचण सभागृहाला समजावून सांगितली होती. चरख्याच्या एका टोकाला चाक असतं आणि दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे सूत ज्यावर गुंडाळलं जातं ती सळई. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो. एका बाजूने चाक काठीकडे असेल आणि मागच्या बाजूलाही चित्र तसंच काढलं, तर तिथे चाक काठीपासून लांब जाणार. चाक काठीकडेच ठेवायचं म्हटलं, तर मागचं चित्र उलटं काढावं लागणार. म्हणून चरख्याचं चाक ठेवावं आणि गोंधळ करणारी चाती व दोरी काढून टाकावी, असा मार्ग निघाला. चाकाचं रूप घेतलं सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं.

चक्राला डावी-उजवी बाजू नाही. ते समोरून पाहा, मागून पाहा, आरशात पाहा, सारखंच दिसतं. आजच्या ध्वजसंहितेतही चक्र झेंड्याच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे, असं म्हटलं आहे.

थोडक्यात, चरखा आरशात उलटतो आणि चक्र उलटत नाही. हा फरक नीट कळला की निम्मा विषय समजलाच म्हणायचा.

मिरर आणि रेडियल म्हणजे नेमकं काय?

‘मिरर’ म्हणजे आरसा. कागद मधोमध दुमडून एका बाजूला शाईचा ठिपका टाकला आणि दाबला, तर दुसऱ्या बाजूला त्याचं प्रतिबिंब उमटतं. दुमड हा आरसा. फुलपाखरू, पिंपळाचं पान, समोरून पाहिलेला बैलाचा चेहरा, हे सगळे आकार असे दुमडता येतात.

‘रेडियल’ म्हणजे एका मध्यबिंदूभोवती फिरवून केलेलं डिझाइन. एक पाकळी काढायची आणि तीच ठरावीक कोनातून फिरवत पुन्हा पुन्हा मांडायची. बैलगाडीचं चाक किंवा अंगणातली आठ पाकळ्यांची रांगोळी ही याची ओळखीची उदाहरणं.

या दोन गोष्टी एकच नाहीत आणि इथेच अनेकांची गफलत होते. तगरीचं फूल पाहा. त्याच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेने किंचित पीळ घेतलेल्या असतात. ते पाचव्या हिश्शाने फिरवलं तर पुन्हा तसंच दिसतं. आरशात मात्र पीळ उलट्या दिशेचा होतो. जत्रेतली कागदी भिंगरीही तशीच. स्वस्तिकही तसंच, चौथाई फिरवलं तरी तेच, पण आरशात भुजांची दिशा उलटी. म्हणजे फिरवून सारखी दिसणारी प्रत्येक आकृती उलटवून सारखी दिसेलच असं नाही.

अशोकचक्र दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतं, कारण त्याचे आरे सरळ आहेत, कुठेही पीळ नाही.

यासाठी व्हेक्टर सॉफ्टवेअरच का?

मोबाइलचा फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. तो मोठा केला की ठिपके दिसू लागतात आणि चित्र फाटतं. व्हेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढा, आत हा रंग भरा’ अशा सूचना साठवलेल्या असतात. त्यामुळे तेच चित्र बिल्ल्यावर छापा किंवा वीस फुटी फ्लेक्सवर, कड सारखीच स्वच्छ राहते.

फिरवण्याच्या कामात हा फरक जास्त जाणवतो. ठिपक्यांचं चित्र १५ अंशांत फिरवलं की संगणकाला प्रत्येक ठिपक्याची नवी जागा अंदाजाने ठरवावी लागते आणि कडा धूसर होतात. व्हेक्टरमध्ये फक्त बिंदूंचे आकडे बदलतात. कितीही वेळा फिरवा, धार तशीच.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. इंकस्केप हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर २००३ पासून उपलब्ध आहे. त्यात ‘पाथ इफेक्ट्स’ या विभागात ‘मिरर सिमेट्री’ आणि ‘रोटेट कॉपीज’ अशी दोन साधनं मिळतात. फ्लेक्सच्या दुकानांमध्ये जास्त दिसणाऱ्या कोरलड्रॉमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून सिमेट्रीची सोय आहे, तीत एक ते बारा आरसे मांडता येतात. अ‍ॅडोबी इलस्ट्रेटरमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रिपीट’ हा पर्याय आला. त्यात रेडियल, ग्रिड आणि मिरर असे तीन प्रकार आहेत. दुकानातली आवृत्ती जुनी असली तरी बिघडत नाही. प्रत काढणं, उलटवणं आणि फिरवणं या तीन गोष्टी सगळ्यांत असतात आणि सगळं काम त्यांवरच चालतं.

अशोकचक्र कसं काढायचं?

आरे २४. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. ३६० भागिले २४ म्हणजे १५. दोन आऱ्यांमध्ये १५ अंशांचं अंतर. एवढंच गणित.

१. आधी बाहेरचं वर्तुळ आणि मधला तुंबा काढा. दोघांचा मध्य अगदी एकच हवा. डोळ्यांनी जुळवू नका, ‘अलाइन’ वापरा.

२. एकच आरा काढा, सरळ वर जाणारा. आरा म्हणजे नुसती रेघ नाही. तो तुंब्याजवळून निघतो, थोडा रुंद होतो आणि परिघाकडे निमुळता होत जातो.

३. आता सर्वांत महत्त्वाची पायरी. कोणतीही आकृती फिरवली की ती सहसा स्वतःच्या मध्याभोवती फिरते. आऱ्याचा मध्य म्हणजे त्याच्या उंचीचा अर्धा भाग. तसंच फिरवलं तर चोवीस आरे एकमेकांत गुंतून गोखरूच्या काट्यासारखा गोळा तयार होतो. म्हणून आधी फिरण्याचा मध्य चक्राच्या मध्यावर न्यावा लागतो. इंकस्केप आणि कोरलड्रॉमध्ये निवडलेल्या आकृतीवर पुन्हा एकदा क्लिक केलं की मध्याची खूण दिसते, ती ओढून तुंब्याच्या मध्यावर ठेवा. इलस्ट्रेटरमध्ये रोटेटचं साधन घेऊन, ऑल्ट दाबून, चक्राच्या मध्यावर क्लिक करा.

४. १५ अंशांनी फिरवून प्रती काढा. हाताने करायचं असेल तर तेवीस वेळा करण्याची गरज नाही. एका आऱ्याची प्रत १५ अंशांवर ठेवा, झाले दोन. दोघांचा गट करून प्रत ३० अंशांवर, झाले चार. चौघांची प्रत ६० अंशांवर, झाले आठ. मग या आठांच्या दोन प्रती, एक १२० अंशांवर आणि एक २४० अंशांवर. झाले चोवीस. प्रत्येक गटाचाही फिरण्याचा मध्य तुंब्यावरच न्यायला विसरू नका.

५. दोन आऱ्यांच्या मध्ये परिघाला चिकटून लहान गोलसर ठिपके असतात, तेही चोवीसच. पहिला ठिपका आऱ्यापासून ७.५ अंशांवर ठेवा आणि मग १५-१५ अंशांनी फिरवा.

६. शेवटी बोट ठेवून आरे मोजा. काही सॉफ्टवेअर मूळ आकृती धरून प्रती मोजतात, काही ती वगळून. त्यामुळे ‘२४’ लिहिल्यावर पंचविसावा आरा पहिल्याच्या बरोबर वर बसू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण रंग थोडा पारदर्शक केला की तेवढाच आरा गडद दिसतो.

खरं तर यातही आणखी बचत आहे. प्रत्येक आरा स्वतः मधोमध दुमडता येतो. त्यामुळे आरसा आणि फिरवणं दोन्ही एकत्र वापरलं, तर अर्धा आरा आणि अर्धा ठिपका एवढंच काढावं लागतं. म्हणजे चक्राचा फक्त ४८वा भाग. इंकस्केपमध्ये ‘रोटेट कॉपीज’च्या आत असलेला ‘कॅलिडोस्कोप’ पर्याय नेमकं हेच करतो.

मापाबाबतही एक लक्षात ठेवा. झेंड्याची लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२ असतं. ९०० × ६०० मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर ठरवलेला आहे. पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा, म्हणजे चक्र पट्ट्याच्या कडांना टेकत नाही, वर-खाली थोडी जागा राहते. चक्राचा रंग गडद निळा. आणि झेंड्यावर कोणतीही अक्षरं लिहायची नसतात. शुभेच्छा आणि शुभेच्छुकांची नावं झेंड्याच्या बाहेर.

चरखा काढायचा असेल तर?

तिथे ही सगळी बचत अर्ध्यावर थांबते. चरख्याचं चाक रेडियल पद्धतीने करता येतं. पण चाती, दोरी आणि पाट एकदाच, जिथे आहेत तिथेच काढावे लागतात. चरख्यावर आरसा लावला तर दोन चाकांचा किंवा दोन चात्यांचा एक विचित्र प्राणी तयार होतो.

शिरीषकुमारच्या पोस्टरवर १९४२ चा झेंडा दाखवायचा असेल, तर हीच मेहनत करावी लागते. वेळ थोडा जास्त जातो. पण पोस्टर पाहणाऱ्या मुलाला त्या दिवसाचा झेंडा दिसतो.

पूर्ण वर्तुळ नको, नुसता पिसारा हवा असेल तर?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे नवस फेडणारे बुध्या अंगभर पांढरे ठिपके आणि वर्तुळं रंगवून, कमरेला घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून रात्रभर नाचतात. होळीच्या किंवा आदिवासी दिनाच्या पोस्टरसाठी असा टोप काढायचा तर पिसं पूर्ण वर्तुळात नको असतात, पंख्यासारखी हवी असतात.

इथे गणित किंचित बदलतं. समजा नऊ पिसं १२० अंशांत पसरवायची आहेत. पटकन कुणीही १२० भागिले ९ करून १३.३ अंश लिहील. मग शेवटचं पीस १२० ऐवजी जवळपास १०७ अंशांवरच थांबतं आणि पिसारा एका बाजूला कलतो. कारण नऊ पिसांमध्ये फटी आठच असतात. कुंपणाचे नऊ खांब रोवले तर मधली अंतरं आठच होतात, तसंच. १२० भागिले ८ म्हणजे १५ अंश. पूर्ण वर्तुळात मात्र शेवटचं पीस आणि पहिलं पीस यांच्यामध्येही एक फट असते, म्हणून तिथे जितक्या आकृत्या तितक्याच फटी.

दुसरी सोपी रीत म्हणजे मधलं एक पीस सरळ उभं काढा, उजवीकडची चार काढा आणि आरसा लावा. पिसारा आपोआप मधोमध राहतो.

संख्या सात किंवा अकरा असेल तर कोन स्वतः लिहू नका. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८ आणि पुढे न संपणारे आकडे. नुसतं ५१ लिहिलं तर सात पाकळ्यांनंतर ३ अंश उरतात आणि शेवटची फट उठून दिसते. प्रतींची संख्या द्या, वाटणी सॉफ्टवेअरला करू द्या.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर देत नाही. बुध्याच्या अंगावरचे ठिपके हाताने दिलेले असतात. एक मोठा, एक लहान, एक किंचित सरकलेला. ते संगणकात डावी-उजवीकडे हुबेहूब सारखे केले, तर चित्र माणसाचं न वाटता भरतकामाच्या नमुन्यासारखं वाटतं. टोपाला आरसा चालतो, अंगावरचे ठिपके हातानेच द्यावेत.

आरसा कुठे अजिबात वापरायचा नाही?

पोस्टरच्या एका बाजूला चित्र बसवलं की दुसरी बाजू मोकळी वाटते आणि हात ‘फ्लिप’कडे जातो. इंकस्केपमध्ये तर नुसतं ‘एच’ दाबलं की चित्र उलटतं. पण काही गोष्टींना बाजू असते.

एकलव्याने गुरुदक्षिणेत उजव्या हाताचा अंगठा दिला. आदिवासी कार्यक्रमांच्या फलकांवर एकलव्याचं चित्र मानाने लावलं जातं. ते सजावटीसाठी उलटवलं, तर तुटलेला अंगठा डाव्या हाताचा होतो आणि कथेचा अर्थच जातो. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणारा धनुर्धरही उलटवला की डावखुरा होतो.

लुगडं किंवा साडी नेसलेल्या बाईचं चित्र उलटवलं की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो. स्वस्तिकाच्या भुजा उलट्या फिरतात. बॅनरवरची अक्षरं तर लगेच पकडली जातात, पण चित्राच्या आत लपलेली अक्षरं सुटतात, जसं दुकानाची पाटी, गाडीचा नंबर किंवा हातातल्या फलकावरची घोषणा. थोर व्यक्तींच्या फोटोत केसांचा भांग आणि चेहऱ्यावरचा तीळही बाजू बदलतात. घरच्यांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

म्हणून आरसा लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा. या गोष्टीला डावं-उजवं आहे का? असेल तर ती एकदाच काढायची आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला वेगळं काही ठेवायचं.

छापायला देण्याआधी काय तपासायचं?

आरशाने जोडलेल्या दोन अर्ध्या भागांची शिवण तपासा. पडद्यावर दोन अर्धे एकमेकांना टेकलेले दिसतात, पण मध्ये केसाएवढी फट असू शकते. रेडियम कटिंगचं मशीन रंग पाहत नाही, ते रेषेवरून ब्लेड चालवतं. दोन भाग जोडून एक केले नसतील तर अख्खं फूल मधोमध कापलं जातं. इंकस्केपच्या ‘मिरर सिमेट्री’मध्ये ‘फ्यूज’ हा पर्याय यासाठीच आहे. इतरत्र ‘युनियन’ किंवा ‘वेल्ड’ वापरतात.

‘रोटेट कॉपीज’ किंवा ‘रिपीट’ने केलेलं डिझाइन जिवंत असतं. एक पाकळी बदलली की सगळ्या बदलतात. काम चालू असताना ही मोठी सोय आहे. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना नेमका हाच भाग बिघडू शकतो. म्हणून मूळ फाइल स्वतःकडे ठेवा आणि दुकानात देण्याच्या प्रतीत सगळं साध्या पाथमध्ये बदला. मराठी मजकूरही ‘कर्व्ह’ करून द्या, नाहीतर दुकानात तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. पाठवताना पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की पुन्हा ठिपक्यांची जाळी.

शेवटी एक सोपी परीक्षा. पूर्ण झालेलं पोस्टर एकदा संपूर्ण उलटवून पाहा. जे तसंच राहिलं, तिथे आरसा वापरायला हरकत नव्हती. जे चुकीचं दिसू लागलं, ते हाताने, एकदाच आणि योग्य बाजूला काढायचं होतं. १९४७ साली झेंड्याच्या मागच्या बाजूचा विचार करताना चरखा याच परीक्षेत अडकला होता.